टर्बो टायमर दीड वर्ष वापरला, शेवटी काढून टाकला

आधी गाडी सांगतो म्हणजे हा रिव्ह्यू कुणाला लागू आणि कुणाला नाही ते कळेल. २०१२ ची डिझेल हॅचबॅक, १२४८ सीसी, आपल्याकडे ज्याला सगळे नॅशनल इंजिन म्हणायचे तेच, चावीवाली, बटण स्टार्ट नाही. राहतो वाईत आणि शाळा पाचगणीत, म्हणजे रोज सकाळी पसरणी घाट चढायचा, बारा-तेरा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरच्या वर चढण, दुसरा-तिसरा गिअर, पुढे स्ट्रॉबेरीचे क्रेट भरलेला टेम्पो आला की ओव्हरटेकला पाय पार खाली, आणि घाट संपला की चार मिनिटांत शाळेचं गेट. गाडी लावली, चावी काढली, पळालो प्रार्थनेला. सात वर्षं हेच केलं. असं करू नये हे कुणी सांगितलं नाही आणि मॅन्युअल कोण वाचतंय.

मग एक लाख तीस हजाराच्या आसपास गाडी शिट्टी मारायला लागली. सुरुवातीला मला आवडायची ती शिट्टी, खोटं कशाला बोलू. नंतर निळा धूर, पिकअप मेलेला, आणि डिपस्टिक बघावी तर ऑइल गायब. साताऱ्याच्या मेकॅनिकने टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरतो तो भाग) उतरवला आणि पंखा दोन बोटांत धरून हलवून दाखवला. म्हणाला, "सर, आडवा थोडा हलला तर चालतंय, बेअरिंग ऑइलवर तरंगत असतं, पण ह्यो बघा पुढं-मागं पण हलतोय, ह्यो गेला." मग ऑइल येतं तो बारीक पाइप आणि त्याचा पोकळ बोल्ट दाखवला. दूध करपल्यावर पातेल्याच्या बुडाला जी खरवड बसते ना, तशी काळी खरवड आतून, पाइपाचं भोक निम्मं बुजलेलं. पुढचा प्रश्न थेट, "घाट चढवून आणली की लगेच चावी काढता ना?" मी गप्प.

कारण साधं आहे. टर्बोचा पंखा एक्झॉस्टच्या गरम हवेवर फिरतो, चढणीला त्या बाजूचं लोखंड काहीशे डिग्रीला जातं आणि एवढ्याशा टर्बोचा शाफ्ट फुल बूस्टला, म्हणजे टर्बो पूर्ण जोरात हवा दाबत असताना, मिनिटाला दोन लाखाच्या आसपास फेऱ्या मारतो. त्याला सांभाळतो तो फक्त ऑइलचा पातळ थर. माझ्या टर्बोला पाण्याचं कूलिंग नाही, जे काय आहे ते ऑइलच. चावी काढली की इंजिन थांबलं, इंजिन थांबलं की ऑइल पंप थांबला, पण पंख्याकडच्या त्या तापलेल्या लोखंडातली उष्णता कुठं जाणार, ती बेअरिंगकडे सरकते आणि तिथं अडकलेलं ऑइल जागेवर करपतं. रोज थोडं थोडं. इंजिन मिनिटभर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू, राहिलं तर डिझेलचा एक्झॉस्ट बराच थंड होतो, ऑइल फिरत राहतं आणि उष्णता घेऊन जातं. ढाब्यावर ट्रकवाला गाडी लावून उतरायच्या आधी इंजिन थोडं घुरघुरत ठेवतो ते उगाच नाही. (माझ्या केसमध्ये सगळा दोष चावीचा नव्हता, ऑइल बदलायला मी दोनदा चांगलाच उशीर केला होता. मेकॅनिकने तेही सुनावलं.)

नवीन कार्ट्रिज (टर्बोचा पंखा-शाफ्ट-बेअरिंगचा आतला भाग), पाइप, ऑइल, फिल्टर, मजुरी धरून सतरा हजार. घरी बायकोला आकडा सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एक मिनिट बसवत नव्हतं का गाडीत?" तर त्या एका मिनिटासाठी मी टर्बो टायमर घेतला.

टायमर म्हणजे काय तर चावी काढली तरी इग्निशनची लाइन तो रिलेने धरून ठेवतो, इंजिन आयडलला चालू राहतं, सेट केलेला वेळ संपला की स्वतः बंद करतो. नव्वदच्या दशकात जपानमध्ये याची क्रेझ होती, एचकेएस, ब्लिट्झ वगैरेंचे टायमर भारी समजले जायचे. मी घेतला तो ऑनलाइन मिळणारा बिननावाचा डबा, १,८०० रुपये, फिटिंग ६०० वेगळे. सोबत आलेला हार्नेस (वायरींचा तयार जोड) माझ्या गाडीला बसलाच नाही, इलेक्ट्रिशियनने स्टिअरिंगखालच्या वायरी सोलून जोड मारले आणि वर मलाच बोलला की असलं काय आणत जाऊ नका. एक गोष्ट मात्र त्याने नीट केली, हँडब्रेकची वायर जोडली, म्हणजे टायमरवर गाडी चालू असताना कुणी हँडब्रेक खाली घेतला की इंजिन बंद. काही जण ही वायर सोडून देतात, तसं अजिबात करू नका.

पहिले दोन आठवडे मजा. निळे आकडे उलटे मोजत जातात, पोरं काचेला नाक लावून बघायची. तिसऱ्या दिवशी वॉचमनमामा धापा टाकत वर्गाच्या दारात, "आवं सर, गाडी चालूच ऱ्हायली की!" त्यांना समजावलं. मग पुढच्या आठवड्यात बदली वॉचमन आला, परत तेच.

मग एकेक गोष्टी लक्षात यायला लागल्या. इग्निशन चालू असल्यामुळे रिमोटने गाडी लॉक होत नाही, दाराला चावी घालून लॉक करायची, पावसात हे करून बघा. दुसरं, डब्याला घाट कळत नाही. मी टाइम दोन मिनिटं ठेवला होता. संध्याकाळी पाचगणीहून उतरताना ॲक्सिलरेटरला पायच लागत नाही, इंजिन ब्रेकिंगवर गाडी खाली येते, वाईत घरी पोचेपर्यंत टर्बो कधीच निवलेला असतो, तरी हा शहाणा घराखाली दोन मिनिटं धूर सोडत बसणार. वर खिडकीत आई, "अरे भूत बसलंय का त्या गाडीत?" हिशोब केला, आयडलला तासाला अर्धा-पाऊण लिटर धरलं तर दोन मिनिटाला वीसेक मिली, दिवसातून दोनदा, महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षाला बारा लिटर डिझेल. सकाळचं समजू शकतो, संध्याकाळचं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

पण टायमर काढला त्याचं कारण वेगळंच. आमचं शाळेचं पार्किंग उतारावर आहे, पाचगणीत सपाट जागा म्हणजे टेबललँडच. उतारावर गाडी लावली की आपण काय करतो, इंजिन बंद करून गिअरमध्ये टाकतो आणि हँडब्रेक ओढतो. टायमर चालू असेल तर गिअरमध्ये टाकताच येत नाही, न्यूट्रलमध्येच सोडावी लागते, आणि दोन मिनिटांनी इंजिन बंद झालं तरी गाडी न्यूट्रलमध्येच. सगळा भार एकट्या हँडब्रेकच्या केबलवर. माझी केबल जरा सैल होती, माझीच चूक, दोन-तीन खाच्या जास्त ओढायला हव्या होत्या. जुलैतली गोष्ट, पाऊस, मी चौथ्या तासाला खिडकीतून सहज बघतो तर गाडी जागेवर नाही. सहा-सात फूट मागे सरकून तेरड्याच्या वाफ्यात, मागचा बंपर कुंडीला टेकलेला. मधली सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. त्या जागेवर त्या सुट्टीत पोरं लगोरी खेळतात. मी पुढचा तास काय शिकवलं मला आठवत नाही.

त्या दिवसापासून वॉचमनमामा चाकामागं वीट लावायचे आणि मी टायमर शून्यावर ठेवायला लागलो. मग म्हणलं शून्यावरच ठेवायचाय तर हवा कशाला.

शिवाय कायद्याचा पण मुद्दा आहे. मोटर वाहन कायदा १९८८, कलम १२६, सार्वजनिक जागी गाडी सोडून जायची तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे, नाहीतर सीटवर लायसनवाला माणूस पाहिजे. म्हणजे बाजारपेठेत रस्त्याकडेला गाडी चालू ठेवून टायमरच्या भरवशावर निघून जाणं बसतच नाही त्यात.

सध्या काय करतो, तर घाट संपला की शाळेपर्यंतचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर चौथ्या गिअरमध्ये हलक्या पायाने, बूस्ट येऊच द्यायचा नाही, पोचेपर्यंत टर्बो निम्मा निवलेला असतो. मग पार्किंगमध्ये डबा, छत्री, तपासलेल्या वह्या गोळा करेपर्यंत चाळीस-पन्नास सेकंद आपोआप जातात, मग चावी. ऑइल आता वेळेवर, ग्रेड सांगितलीय तीच. गेली दोन वर्षं शिट्टी नाही, ऑइल खात नाही.

सहकारी मॅडमची नवीन टर्बो पेट्रोल आहे, त्यांनी विचारलं मी पण टायमर लावू का. त्यांच्या टर्बोला पाण्याचं कूलिंग आहे आणि गाडी बंद केल्यावर पुढून घूं आवाज येत राहतो तो इलेक्ट्रिक पंप आणि पंख्याचा, बंद इंजिनातही पाणी फिरवत असतो. त्यात बटण स्टार्ट, म्हणजे हा साधा डबा तिथं चालणारच नाही. त्यांना म्हणलं मॅडम, घाट जोरात चढवलात तर मिनिटभर बसा, बाकी विसरा.

डब्याच्या क्वालिटीबद्दल तक्रार नाही खरं तर, दीड वर्षात एकदाही वेळ चुकला नाही, बीप थोडा कर्कश आहे आणि रात्री निळा लाइट डोळ्यात येतो. जागा सपाट, गाडी चावीची, टर्बो जुन्या पद्धतीचा, आणि गाडी स्वतःच्या कंपाउंडमध्ये उघड्यावर लागत असेल (बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, धूर कोंडतो) तर घ्या हवा तर. माझ्याकडून पाचपैकी दोन स्टार. काढलेला पीस हार्नेससकट ड्रॉवरमध्ये पडलाय, सातशेला देतो, वाईत येऊन घेऊन जावा लागेल, आणि हँडब्रेकची केबल टाइट करून या.