ऐकलेल्या वाक्याचा मेंदूतला माग: एफएमआरआय की ईईजी?

भाषेचा मेंदूतला व्यवहार अभ्यासायचे ठरवले की एफएमआरआय (मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल चुंबकीय स्कॅनरने टिपणारे तंत्र) की ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युतसंकेत नोंदवणारे तंत्र) हा निर्णय लवकरच घ्यावा लागतो, आणि एकदा घेतल्यावर तो बदलणे अवघड जाते. मी मराठी वाक्ये ऐकताना होणाऱ्या आकलनासाठी दोन्ही तंत्रे वापरली आणि अखेरीस ईईजीकडे वळलो. माझे मत त्या कामातून घडलेले आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

एफएमआरआयचे मोठेपण मान्यच करायला हवे. रक्तातील ऑक्सिजनच्या बदलाने चुंबकीय संकेत बदलतो हे सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले, आणि आज दोन-तीन मिलिमीटरच्या अचूकतेने हिप्पोकॅम्पससारख्या खोलवरच्या भागांतील हालचालही टिपता येते. ईईजीला हे जमत नाही. मात्र हा संकेत रक्तप्रवाहाचा असल्याने तो पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. कर्ता आणि कर्म मनात धरून थांबलेल्या श्रोत्याच्या मेंदूत त्या क्रियापदापाशी काय घडते, हा माझा प्रश्न होता, आणि ते सारे अर्ध्या-पाऊण सेकंदात घडून जाते. अनपेक्षित शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी दिसणारी ऋण लहर कुटास आणि हिलयार्ड यांनी १९८० मध्ये ईईजीवरच नोंदवली होती.

तरीही केवळ या विलंबामुळे मी तंत्र बदलले नसते, कारण प्रयोगाची आखणी आणि सांख्यिकी यांच्या आधारे त्यातून बऱ्याच अंशी वाट काढता येते. माझा निर्णय झाला तो स्कॅनरच्या आवाजामुळे. स्कॅनरमधल्या ग्रेडियंट कॉइलमधला (चुंबकीय क्षेत्रात चढउतार घडवणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांमधला) प्रवाह झपाट्याने बदलतो, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्या कॉइल थरथरतात आणि आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे आणि वर हेडफोन असूनही माझ्या श्रोत्यांना ‘मन’ आणि ‘मण’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांतला फरक ओळखायला ताण पडत होता. मग पडद्यावर उजळलेला भाग वाक्य समजल्याचा मानावा की ते ऐकू येण्यासाठी केलेल्या धडपडीचा? शिवाय यंत्राच्या आवाजाने श्रवणाचा भाग आधीच जागा झालेला असतो, त्यामुळे वाक्याने होणारी वाढ लहान दिसते. यावर एक उपाय आहे: वाक्य शांततेत ऐकवायचे आणि संकेत उशिरा येतो याचा फायदा घेऊन नंतर एकच प्रतिमा घ्यायची. तो उपाय चांगला आहे, पण त्यामुळे तासाभरात बसणारी वाक्ये फार कमी होतात, आणि स्तब्ध पडून राहिलेला श्रोता पेंगू लागतो. माझ्या दृष्टीने ही किंमत जास्त होती.

ईईजीतही त्रास पुष्कळ आहेत. कवटीतून बाहेर पडताना विद्युतदाब पसरतो, आणि पृष्ठभागावरील मोजमापांवरून आतला उगम एकमेव ठरवता येत नाही, ही अडचण हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच सांगितली होती. त्यामुळे ईईजीवरून अमुक भागात अमुक घडले, असे मी सहसा लिहीत नाही. पापण्यांची उघडझाप आणि जबड्याचे स्नायू नोंदी बिघडवतात. आपल्याकडे केसांना तेल लावून आलेल्या श्रोत्याच्या डोक्यावर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट जमत नाही, म्हणून केस धुऊन येण्याची सूचना आदल्या दिवशीच द्यावी लागते. भोवतालच्या वीजवाहिन्यांची ५० हर्ट्झची भर वेगळीच. पण या साऱ्यांतून चिकाटीने मार्ग निघतो, आणि खोली शांत राहते.

पेट (पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रण) तंत्रही शांत आहे, पण त्यात किरणोत्सारी द्रव्य टोचावे लागते. न्यूरोट्रान्समीटरच्या (चेतापेशींमधले निरोप वाहणाऱ्या रसायनांच्या) ग्राहींचा अभ्यास असेल, तरच मी त्याचा विचार करेन. मेंदूची चुंबकीय क्षेत्रे मोजणारे एमईजी ईईजीइतकेच वेगवान आहे आणि कवटीमुळे त्याचा संकेत फारसा विस्कटत नाही, पण त्याला चुंबकरोधी खोली लागते आणि पारंपरिक यंत्रांना द्रव हीलियमही. ते हाताशी असेल, तर माझे मत कदाचित वेगळे असते.

वाचनाचा अभ्यास असेल आणि मेंदूचा कोणता भाग त्यात गुंतला आहे हेच जाणून घ्यायचे असेल, तर एफएमआरआय निवडण्यात मला काही गैर वाटत नाही. वाक्ये कानांनी ऐकवायची असतील, तर निर्णयापूर्वी स्कॅनरच्या आवाजाची ध्वनिफीत मिळवावी, तिच्यावर आपली वाक्ये चढवून ती अनोळखी माणसाला हेडफोनवर ऐकवावीत आणि ऐकलेले त्याच्याकडून लिहून घ्यावे.