जॅक्सनचा एल्कच्या शिंगांचा लिलाव: जावं का, काय घ्यावं, त्याचं पुढे करावं काय

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन गावच्या चौकात दरवर्षी मे महिन्यात एका शनिवारी एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, गळालेल्या शिंगांचा लिलाव असतो, एल्कफेस्ट म्हणतात त्याला. युटा, आयडाहो, कोलोरॅडोकडे राहणाऱ्या आणि हाताने काहीतरी बनवायची आवड असणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा रिव्ह्यू. आधीच सांगून टाकते, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे इथली शिंगं शिकारीची नाहीत. गावाला लागूनच नॅशनल एल्क रेफ्युज म्हणजे एल्कचं सरकारी अभयारण्य आहे, 1912 पासूनचं, हिवाळ्यात तिथे एल्क हजारोंनी उतरतात. मार्च-एप्रिलमध्ये नरांची शिंगं आपोआप गळतात, हार्मोन कमी झालं की शिंगाच्या मुळाशी हाड विरघळायला लागतं आणि एक दिवस चालता चालता शिंग खाली पडतं, मग उन्हाळ्यात नवीन येतं, ते पण इतक्या स्पीडने की भर मोसमात दिवसाला जवळजवळ इंचभर. रेफ्युजमधून शिंग उचलायला तुम्हाआम्हाला बंदी आहे, तिथली बॉय स्काऊट्सची मुलं परवानगीने जाऊन गोळा करतात आणि तीच लिलावात येतात, 1968 पासून हे चाललंय. आलेल्या पैशातला पाऊण हिस्सा रेफ्युजलाच परत जातो, एल्कच्या कुरणांच्या वगैरे कामाला. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. ज्या जनावराचं शिंग त्याच्याच चाऱ्यापाण्याला पैसा, आणि मधे कोणी दलाल नाही.

आता प्रत्यक्ष. चौकात शिंगांच्या मोळ्या बांधून मांडलेल्या असतात, सकाळी हिंडून बघता येतं, हात लावता येतो, उचलून बघता येतं, आणि बोली पौंडावर लागते. म्हणजे तुम्ही बोललात तो भाव गुणिले मोळीचं वजन, हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण मोठ्या नराचं एकच शिंग दहा-बारा पौंड सहज भरतं, भाव ऐकायला छोटा वाटतो आणि बिल भलतंच होतं. समोर झुंबरं करणारे, फर्निचरवाले, कुत्र्यांना चघळायला शिंगाचे तुकडे विकणारे व्यापारी असे ठोक गिऱ्हाईक असतात, ते अख्खी मोळी सहज उचलतात. आपल्यासारख्या दोन-चार तुकडे हवे असणाऱ्याला लिलाव सोयीचा नाही, माझा अर्धा पॉइंट इथेच गेला. यावर उपाय दोन, एक तर तिघाचौघांनी मिळून मोळी घ्या आणि वाटून घ्या, नाहीतर त्या दिवशी आसपास सुटी शिंगं विकणारे लोक असतात त्यांच्याकडून घ्या. फक्त त्या सुट्या मालाचा पैसा रेफ्युजला जात नाही, आणि शिंग कुठून आणलं हे विचारायची जबाबदारी तुमची.

निवडायचं कसं, तर बूड बघा. स्वतःहून गळालेल्या शिंगाचं बूड खरबरीत आणि किंचित फुगीर असतं, भोवती दाणेदार कडं असतं. बूड करवतीने सपाट कापलेलं असेल किंवा कवटीचा तुकडा चिकटलेला असेल तर ते गळालेलं नव्हे. मग रंग. त्याच वर्षीचं शिंग तपकिरी, टोकं घासून पांढरी चकचकीत झालेली, हातात घेतलं की जड लागतं. एखादा उन्हाळा मोकळ्यावर काढलेलं पांढरट होतं, ते पण चालतं. पण अजून जुनं झालं की उभ्या भेगा पडतात, नखाने पांढरी भुकटी निघते, त्याचं काही होत नाही, बागेत टाका म्हणजे उंदीर-खारी कॅल्शियमसाठी कुरतडून संपवतील. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने तपकिरीचे पैसे घेऊन असलंच भेगाळलेलं पाठवलं होतं, फोटो वेगळा, माल वेगळा. म्हणून म्हणते, हाताळून घ्यायला मिळतं हाच या लिलावाचा सगळ्यात मोठा फायदा.

आता उपयोग. मी मुख्यतः बटणं करते, हाताने विणलेल्या स्वेटरला. शिंगाच्या टोकाकडचा भाग घ्यायचा कारण तिथे भरीव हाड जास्त, मधला स्पंजसारखा गाभा कमी. लोखंड कापायच्या बारीक दात्यांच्या करवतीने तिरक्या चकत्या काढल्या की लंबगोल बटण मिळतं, कडेला तपकिरी साल, आत हस्तिदंती रंग, आणि मधोमध गाभ्याची बारीक जाळी, दोन बटणं कधी सारखी येत नाहीत. गाभ्यावर पातळ सुपरग्लूचे थेंब सोडले की ते आत शोषले जातात आणि जाळी घट्ट होते, मग 120, 220, 400 नंबरचा असा क्रमाने बारीक होत जाणारा पॉलिशपेपर, शेवटी मिनरल ऑइल. कापताना दवाखान्यात दाढ कोरतात तेव्हा येतो तसला वास येतो, आणि भुकटी फुप्फुसाला वाईट, त्यामुळे मास्क लावाच आणि शक्यतो बाहेर अंगणात बसा. असा स्वेटर हातानेच धुवायचा, ड्रायरमध्ये नाही.

सुरीची मूठ, दाराचा नॉब, कोट अडकवायचं हूक, हे पण झकास होतं. शिंगांचे दिवे आणि झुंबरं मात्र मला नाही पटत, अपार्टमेंटच्या साडेआठ फुटी छताला ते डोक्यात जातं, अक्षरशः.

कुत्र्याला चघळायला देणाऱ्यांसाठी थोडं थांबून लिहिते. लोक सगळ्यात जास्त यासाठीच घेतात, टिकतं, चिकट होत नाही, घाण वास नाही, सगळं खरं. पण अख्खं शिंग फार कडक असतं, जोर लावून चावणाऱ्या कुत्र्याची वरची मोठी दाढ त्यावर तडकते, आमच्या व्हेटने आमच्या लॅब्रॅडॉरसाठी सरळ नाही सांगितलं. नख दाबून खूण उमटत नसेल तर ती वस्तू कुत्र्याच्या दातासाठी कडकच, असा साधा नियम आहे. द्यायचंच असेल तर उभं चिरलेलं द्या, गाभा उघडा असतो तो मऊ लागतो, आणि समोर बसून द्या.

स्वतः हिंडून गोळा करायची हौस असेल तर नियम वाचून जा. वायोमिंगमध्ये कॉन्टिनेंटल डिव्हाइडच्या (रॉकी पर्वतातली पाणी पूर्वेला-पश्चिमेला वाटणारी रेषा) पश्चिमेच्या सरकारी जमिनीवर जानेवारी ते एप्रिलअखेर बंदी, 1 मेला उघडतं, आणि बाहेरच्या राज्यातल्यांना आणखी आठवडाभर थांबावं लागतं, वर कॉन्झर्वेशन स्टॅम्प, म्हणजे वन्यजीव खात्याचा विकतचा परवाना, लागतो. यलोस्टोन आणि ग्रँड टीटन या नॅशनल पार्कांमध्ये तर कधीच उचलायचं नाही. युटात सीझनमध्ये गोळा करायला आधी ऑनलाइन कोर्स करावा लागतो, फुकट आहे. हे नियम बरोबरच आहेत, हिवाळा संपताना एल्कच्या अंगात चरबी उरलेली नसते, माद्या गाभण असतात, शिंगांमागे माणसं रान तुडवायला लागली की कळप पळतो आणि उरलीसुरली ताकद त्यात जाते.

आणि एक, यावरून गावाकडे कोणाला उत्साह येऊ देऊ नका. आपल्या आज्या सांबरशिंग सहाणेवर उगाळून छातीला लेप लावायच्या, अनेक घरांत अजून एखादा तुकडा असेल, पण भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे चितळ-सांबराचं गळालेलं शिंगसुद्धा जंगलातून उचलता येत नाही की विकता येत नाही. ते तिथल्या साळिंदरांचं खाणं आहे, त्यांनाच राहू दे. इथून घेतलेलं बॅगेत घालून तिकडे न्यायच्याही फंदात पडू नका.

चौकाच्या चारी कोपऱ्यांवर शिंगांच्या कमानी आहेत, पहिली 1953 ची, एकेका कमानीत दोनेक हजार शिंगं, तिथे फोटो सकाळी लवकर काढा, नंतर रांग लागते. राहायला जॅक्सन भयंकर महाग आहे, आम्ही टीटन पासच्या पलीकडे आयडाहोत व्हिक्टरला राहतो, सकाळी घाट उतरून यायचं. मोळी घेणार असाल तर गाडीची मागची सीट पाडून जुनी गोधडी अंथरून ठेवा, टोकं सीटकव्हर फाडतात.