मृगापासून शिमग्यापर्यंत : ‘द सीक्रेट हिस्टरी’ वापरल्यानंतरचा अनुभव

डोना टार्ट यांची ‘द सीक्रेट हिस्टरी’ ही कादंबरी 1992 साली आली. माझ्याकडे ती मृगाच्या सुमारास आली, आणि आता शिमगा होऊन गेला तरी ती कपाटात गेलेली नाही. एकदा सलग वाचली, मग हवी तिथून उघडून वाचली. रत्नागिरीतल्या आमच्या वाचनगटात तिचे काही भाग मोठ्यानं वाचले. पुण्यात शिकणाऱ्या भाचीशी तिच्यावरून फोनवर कितीतरी वेळा वाद घातला. म्हणून हा अनुभव पुस्तकाचा आहे तितकाच ते वाचणाऱ्यांचाही आहे. कथानक इथे उघड होणार आहे, पण त्यानं फारसं बिघडत नाही. खून कुणाचा झाला आणि कुणी केला, हे लेखिका सुरुवातीच्या पानांतच सांगून टाकते. पुढची पाचशेहून जास्त पानं तो का झाला आणि नंतर काय झालं याची आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात हॅम्पडन नावाचं काल्पनिक कॉलेज आहे. (टार्ट स्वतः व्हरमाँटमधल्याच बेनिंग्टन कॉलेजात शिकल्या.) कॅलिफोर्नियातल्या प्लेनो गावातून रिचर्ड पेपन तिथे येतो. वडिलांचा पेट्रोल पंप, घरात प्रेमाचा दुष्काळ. प्राचीन ग्रीक शिकवणारे ज्युलियन मॉरो मोजकेच विद्यार्थी घेतात: हेन्री, फ्रान्सिस, चार्ल्स आणि कॅमिला ही जुळी भावंडं, आणि बनी. रिचर्ड खटपट करून त्यांच्यात शिरतो. ही मंडळी डायोनिसस या ग्रीकांच्या मद्याच्या आणि उन्मादाच्या देवाचा प्राचीन विधी रानात करून बघतात. त्या रात्री एका शेतकऱ्याचा जीव जातो. बनी आणि रिचर्ड त्या विधीत नसतात, पण बनीला सगळं कळतं, तो त्यांना छळू लागतो, आणि शेवटी त्याला दरीत ढकललं जातं.

आधी वापराचं बोलते. इंग्रजी अवघड नाही, पण वाक्यं लांब आहेत आणि ग्रीक-लॅटिनचे तुकडे मधूनमधून अर्थ न देता येतात. ते अडले तरी पुढे जावं, काही हरवत नाही. कागदी प्रत घेणार असाल तर आपल्याकडच्या हवेचा विचार करा. आषाढात माझ्या प्रतीची पानं फुगली, कडांवर बुरशीचे ठिपके आले, आणि श्रावणात ऊन पडलं तेव्हा ती खिडकीत उघडी ठेवून सुकवावी लागली. जाड पुस्तकाचा सांधा ओल्या हवेत लवकर सुटतो. लांज्याहून एसटीनं रोज येणारी आमच्या गटातली एक जण ही कादंबरी कानांनी ऐकते. ती ध्वनिफीत टार्ट यांनी स्वतः वाचलेली आहे आणि फार चांगली वाचली आहे. बनीच्या बोलण्यातला सैल, लाघवी, चिडवणारा सूर छापील पानापेक्षा तिथे जास्त कळतो.

आता मुख्य गोष्ट. या कादंबरीभोवती एक आख्खी वेशभूषा तयार झाली आहे. ‘डार्क अकॅडेमिया’ म्हणतात तिला. तपकिरी कोट, मेणबत्त्या, जुनी पुस्तकं, गॉथिक कमानी, पावसाची खिडकी. टम्बलर या संकेतस्थळावर ती आधीपासून होती. 2020 मध्ये कॉलेजं बंद पडली तेव्हा टिकटॉक आणि इन्स्टाग्रामवर तिला उधाण आलं. ज्या मुलांना वर्गात बसायलाच मिळत नव्हतं त्यांना लाकडी बाकांची आणि शिक्षकाच्या खोलीतल्या चहाची ओढ लागावी, यात मला काहीही हसण्यासारखं वाटत नाही. ती ओढ खरी होती. माझ्या भाचीच्या पिढीनं अकरावी-बारावीची वर्षं मोबाइलच्या पडद्यात काढली. तिनं हे पुस्तक मला पाठवताना सोबत चिठ्ठी लिहिली होती, ‘मावशी, असं कॉलेज हवं होतं मला.’

म्हणून जे वाचक या मुलांना उथळ ठरवतात त्यांच्याशी माझं जमत नाही. ते म्हणतात, अरे, ही तर या लोकांवर टीका आहे, तुम्हाला कळलंच नाही. पण मोह पाडणं हेच या पुस्तकाचं काम आहे. सगळं आपल्याला रिचर्ड सांगतो, आणि रिचर्ड या पाच जणांच्या प्रेमात बुडालेला आहे. सुरुवातीलाच तो कबूल करतो की काहीही करून सुंदर, चित्रासारखं जगण्याची हाव हाच आपला घातक दोष. बनी मरणार हे माहीत असूनही मधल्या भागात आपण त्याला कंटाळतो. तो उधारी करतो, टोचून बोलतो, प्रत्येकाच्या दुखऱ्या जागी बोट ठेवतो. हळूहळू आपल्याला वाटू लागतं की हा एकदाचा जावा. वाचकाला खुन्यांच्या बाजूला नेऊन उभं करणं ही टार्ट यांची मोठी कमाल आहे. वाचक मोहात पडला तर त्यानं पुस्तक चुकीचं वाचलं असं नाही. तो मोहात पडून तिथेच थांबला तर मात्र त्यानं ते अर्धं वाचलं.

आपल्या भागातल्या वाचकाला रिचर्ड फार जवळचा वाटेल. हॅम्पडनला पोचल्यावर तो आपलं घर लपवतो. पेट्रोल पंपाचा उल्लेख टाळतो, संत्र्यांच्या बागा आणि श्रीमंत आईवडील यांच्या गोष्टी रचतो. राजापूर-संगमेश्वरकडची किती मुलं पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर गेली की पहिल्या महिन्यात बोलीचा हेल गिळून टाकतात, घरच्या फोनवर कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलतात! हिवाळ्याच्या सुट्टीत रिचर्डला जायला जागा नसते. छताला भोक असलेल्या, शेगडीही नसलेल्या खोलीत तो राहतो आणि न्यूमोनियानं मरता मरता वाचतो. घरी जायची लाज आणि मित्रांना गरिबी सांगायची लाज, या दोहोंच्या मध्ये तो गोठतो. हा भाग गटात वाचला तेव्हा दोघी-तिघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मेणबत्त्यांच्या रील्समध्ये ही खोली कधी दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पुस्तकातलं सगळ्यात प्रामाणिक दारिद्र्य तिथे आहे.

पण माझी खरी तक्रार शेतकऱ्याबद्दल आहे. तो सगळ्यांच्या नजरेतून निसटतो, आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं.

कुणाशीही या पुस्तकाबद्दल बोला, ‘खून’ म्हटलं की बनीचा. पहिला मेला तो शेतकरी. रात्री रानात काय झालं ते मारणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही. त्याला ना चेहरा, ना आवाज. फ्रान्सिस नंतर म्हणतो की झालं ते वाईट झालं, पण मेलेला माणूस काही व्हॉल्तेअर, म्हणजे तो थोर फ्रेंच विचारवंत, नव्हता. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कोकणातल्या माणसाला कलमांच्या बागेत मांगरात, म्हणजे तिथल्या खोपटात, झोपणारा राखणदार माहीत असतो. रात्री पालापाचोळा वाजला की बॅटरी घेऊन बाहेर येणारा. तो व्हॉल्तेअर नसतो. त्याच्याकडे लोकांचं लक्ष नसतं, आणि शहरातून आलेल्यांना बाग सुंदर दिसते ती तो जागा असतो म्हणून.

भाचीचा यावरचा प्रश्न नेमका होता. ‘मावशी, पण लेखिकेनंच त्याला चेहरा दिला नाही ना? मग आम्ही कुठून आणायचा?’ मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं हा आंधळेपणा रिचर्डचा आहे, टार्ट यांचा नाही, आणि याचा पुरावा बनीच्या अंत्यविधीच्या प्रकरणात आहे. ते प्रकरण लांबलचक आहे, अनेकांना ते रटाळ वाटतं. सगळे खुनी बनीच्या आईवडिलांच्या घरी पाहुणे म्हणून राहतात. बाप त्यांना मिठ्या मारून ढसाढसा रडतो. लेखिका आपल्याला त्या घरातून लवकर उठू देत नाही. मेलेल्या माणसाचं घर म्हणजे काय हे ती इतकं नीट जाणते. मग शेतकऱ्याच्या घरी आपल्याला एकदाही नेत नाही, ते मुद्दाम. रिचर्डनं तिकडे कधी पाहिलंच नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही.

इथे ‘कोसला’ आठवल्याशिवाय राहत नाही. भालचंद्र नेमाडे यांची ही 1963 सालची कादंबरीसुद्धा खेड्यातून कॉलेजात गेलेल्या मुलाचीच. पण तिथे पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी मरते आणि त्या एका मृत्यूनं अख्खं पुस्तक हादरतं. मनीही कुणी व्हॉल्तेअर नव्हती. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली की कुणाच्या मरणाला किती पानं मिळतात हा हिशेब आपोआप डोळ्यांपुढे येतो. ज्यांनी फक्त इंग्रजी वाचलं आहे त्यांना मी हटकून ‘कोसला’ देते. आमच्या गटात हा क्रम फार उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट विधीची. तरुण वाचकांना त्या रात्रीचं विलक्षण आकर्षण असतं: भान हरपणं, देव अंगात येणं, माणूसपणाच्या पलीकडे जाणं. माझं माहेर कणकवलीकडचं. दसऱ्याला तरंग, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, निघतात, अवसर येतो, म्हणजे देव अंगात येतो, तो लहानपणापासून पाहिलेला आहे. सासरी शिमग्यात पालखी नाचवतात, तेव्हा खांद्यावर घेणाऱ्यांचं भान जातं तेही पाहते. पण तिथे भान जाणारा एकटा नसतो. बारा-पाचाचे, म्हणजे गावाचे, मानकरी उभे असतात, गुरव असतो, आधी गाऱ्हाणं घातलेलं असतं, कुणाला कधी आणि कुठे अवसर यायचा याची रीत असते. भोवती सगळा गाव असतो, म्हातारी आणि पोरं धरून. मानापमान, जातीची उतरंड, भांडणं, सगळं त्यात आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. तरीही भान गेलेल्या माणसाला सावरणारे हात तिथे असतात. हेन्री आणि मंडळींनी नेमकं हेच वगळलं. गाव वगळून त्यांना फक्त देव हवा होता. उपास केले, पलंगपोस गुंडाळले, ग्रीक मंत्र शोधले. पण शुद्धीत राहून त्यांच्याकडे बघणारं कुणी ठेवलं नाही. गावातला एकच माणूस त्या विधीला हजर झाला, तो हा शेतकरी, आणि त्यालाच त्यांनी मारलं.

ज्या ग्रीकांचं हे अनुकरण, त्यांच्यातल्या युरिपिडीस या नाटककाराला हे पुरतं माहीत होतं. त्याचं ‘बॅकी’ हे नाटक इसवी सनापूर्वी 405 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आलं. त्यात आगावी देवाच्या धुंदीत आपल्याच मुलाला, पेन्थिअसला, फाडते आणि सिंहाचं डोकं समजून ते मिरवत आणते. मग तिचा म्हातारा बाप कॅडमस तिला आधी आकाशाकडे बघायला सांगतो, हळूहळू शुद्धीवर आणतो, आणि विचारतो, तुझ्या हातात कुणाचं डोकं आहे ते बघ. नाटकाचा सगळा भार या प्रश्नावर आहे. हॅम्पडनच्या वर्गात ग्रीक मुळातून वाचली जाते, पण हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. विचारायला हवा होता ज्युलियननं. सत्य कळल्यावर तो मुलांना सोडून निघून जातो. मुलांना सौंदर्याची भीषणता शिकवणारा हा मास्तर अनेक वाचकांना आदर्श वाटतो. मला पुस्तकभर सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला.

मोहाच्या याच सवयीचं आमच्याकडचं उदाहरण थिबा पॅलेस. पावसाळ्यात तिथे कॉलेजची मुलं-मुली रील्स करायला येतात, लाल भिंती आणि कमानी खरोखर देखण्या दिसतात. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला राज्य काढून घेऊन रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, वाडा 1910 साली झाला, 1916 साली राजा इथेच वारला. मुलांनी रील्स करू नयेत असं मी म्हणणार नाही. वाडा देखणा आहे आणि तो कैदेचा आहे, दोन्ही एकदम डोक्यात धरता येतं. ‘द सीक्रेट हिस्टरी’ वाचताना हीच सवय लागते.

कॅमिलाबद्दल थोडंच बोलते, कारण पुस्तकातही ती थोडीच सापडते. रिचर्ड तिच्याकडे सतत बघतो पण तिचं ऐकत नाही. तिचा भाऊ तिला मारतो हे कळल्यावरही तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला मिळत नाही. तिला ‘गूढ’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. माझ्या मते पुस्तकाची कच्ची बाजू हीच, आणि म्हणून पाचपैकी साडेचार.

कुणी घ्यावी? होस्टेलवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला द्यावी असं मला वाटतं, पण दिल्यावर बोलायला आपण जवळ असावं. ज्यांना रहस्यकथा हवी त्यांनी घेऊ नये. एकदाच वाचायची असेल तर पावसात वाचा. दुसऱ्यांदा उघडाल तेव्हा अंत्यविधीच्या प्रकरणापासून सुरुवात करा.

भाची अजूनही हेन्रीच्या बाजूची आहे. तिचं म्हणणं, रिचर्ड त्या गोठलेल्या खोलीत मरत होता तेव्हा बाकी कुणाला पत्ताही नव्हता. हेन्रीच आला, त्यानंच त्याला दवाखान्यात नेलं, घरी ठेवून घेतलं, सेवा केली. शेतकऱ्याच्या मरणाला हिशेबाबाहेर काढणारा माणूस एका पेट्रोल पंपवाल्याच्या मुलासाठी हे सगळं करतो, ते कसं बसवायचं? मी म्हणाले, त्याला रिचर्ड आपल्यातला वाटला. ती म्हणाली, ‘पण त्या खोलीत तर मावशी, रिचर्डचं खोटं उघडं पडलं होतं. तरी त्यानं नेलंच ना?’ यावर आमचं अजून चाललंय. मे महिन्यात ती आंब्याला येईल तेव्हा ते प्रकरण पुन्हा काढून दोघी मिळून वाचणार आहोत.