आठ महिने रोज कॉर्नफ्लेक्स खाल्ले, आणि मग ते काढणाऱ्या केलॉग भावांचं भांडण वाचलं

गेल्या गणपतीनंतर मला फर्स्ट शिफ्ट लागली, 6.40 ची कंपनीची बस, त्यामुळे सकाळचे पोहे-उपमा बंद झाले आणि घरात कॉर्नफ्लेक्स आले. रविवार सोडला तर आठ महिने रोज तेच. मधे दोन-तीन ब्रँड बदलले, कुठले ते लिहीत नाही कारण खरं सांगायचं तर डोळे मिटून दिले तर मला फरक कळणार नाही.

आधी खाण्याचं सांगते. दूध थंडच घ्या. आमच्याकडे सासूबाईंच्या मते सकाळी थंड दूध म्हणजे सर्दीला आमंत्रण, म्हणून पहिले पंधरा दिवस मी गॅसवरून उतरवलेलं दूध ओतत होते आणि चमचा शोधेपर्यंत वाटीत लगदा. त्या म्हणाल्या, "अगं मग सरळ दूध-भाकरी कुस्करून खा की, ती पोटात तरी राहते." पटलं मला, कारण सहाला खाल्लं की साडेआठला पोटात कावळे. आता वर केळं आणि मूठभर शेंगदाणे टाकते, मग कसंबसं अकरापर्यंत जातं.

दुसरा घोळ दिवाळीत केला. चिवड्याचे मका पोहे संपले म्हणून हेच कढईत सोडले, झाऱ्या फिरवायच्या आत काळेकुट्ट! मका पोहे कच्चे असतात म्हणून तळून फुलतात, हे आधीच भाजलेले आणि वर साखर, माल्ट लावलेले, लगेच करपणारच. तेव्हा पहिल्यांदा पाकिटामागची यादी नीट वाचली. मक्यानंतर दुसऱ्या नंबरला साखर. आणि मी हेल्दी हेल्दी म्हणून खातेय.

तिथून मी जरा मागे लागले या प्रकरणाच्या, आणि गंमत म्हणजे केलॉग भावांचं मूळ भांडण साखरेवरूनही होतं.

अमेरिकेत मिशिगनमध्ये बॅटल क्रीक म्हणून गाव आहे, तिथे डॉ. जॉन हार्वी केलॉग 1876 पासून एक सॅनिटेरियम, म्हणजे राहून उपचार घ्यायचं आरोग्यधाम, चालवायचे, अ‍ॅडव्हेंटिस्ट नावाच्या ख्रिश्चन पंथाचं, मांस, दारू, तंबाखू, चहा-कॉफी सगळं बंद. 1894 मध्ये उकडलेले गहू तसेच राहून शिळे झाले, फेकवेना म्हणून रोलरमधून काढले तर प्रत्येक दाण्याचा वेगळा पापुद्रा पडला. म्हणजे पहिले फ्लेक्स गव्हाचे, मका नंतर आला. पेटंट डॉक्टरांच्या नावावर, आणि धाकटा भाऊ विल कीथ वर्षानुवर्षं दादाच्या हाताखाली हिशोब बघत राबतोय. तिथेच पेशंट म्हणून राहून गेलेला सी. डब्ल्यू. पोस्ट बाहेर पडून याच धंद्यात श्रीमंत झाला, तरी दादा हलेना. दादाला साखर म्हणजे विष, विलला वाटायचं की चव असेल तरच बरी माणसंही खातील. शेवटी 1906 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, विलने वेगळी कंपनी काढली आणि खोक्यावर स्वतःची सही छापली. केलॉग्जचं ते लाल तिरकं अक्षर त्या सहीवरूनच आलंय. मग 'केलॉग' हे नाव कोणाचं यावरून सख्खे भाऊ कोर्टात, 1920 मध्ये निकाल विलच्या बाजूने. आपल्याकडे वाटणीत विहीर कोणाची यावरून होतं ना, तसंच. डॉक्टरसाहेबही काही संत नव्हते हां, वंशसुधारणेचं, म्हणजे 'चांगल्या' माणसांचीच पैदास व्हावी असलं खूळ होतं डोक्यात, 1914 मध्ये बॅटल क्रीकलाच त्याची परिषद भरली.

पण मला खरी लागली ती पुढची गोष्ट. 1930 मध्ये मंदीत बाकीचे माणसं काढत होते तेव्हा विलच्या कारखान्यात आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या केल्या, म्हणजे तेवढ्याच कामात जास्त लोकांना रोजगार. तासाचा रेट साडेबारा टक्के वाढवला. आठ तासांइतका पगार हातात येत नव्हता, पण दोन तास घरचे मिळत होते. त्याच वर्षी मुलांसाठी फाउंडेशन काढलं, 1934 मध्ये त्याला 6.6 कोटी डॉलरचे शेअर्स देऊन टाकले. सहा तासांची पाळी पुढे हळूहळू आटत गेली, पण काही खात्यांत, विशेषतः बायका होत्या तिथे, 1985 पर्यंत टिकली. आणि त्याच कंपनीत 2021 मध्ये साधारण 1,400 कामगार ऑक्टोबर ते डिसेंबर संपावर, का तर नव्या कामगारांना जुन्यांपेक्षा कमी पगार. म्हणून कंपनीची मूल्यं वगैरे वाचताना मी आधी साल बघते.

हे मी डबा खाताना मैत्रिणींना सांगितलं तर एक म्हणाली, "सहा तासांची ड्युटी असती तर हे खाल्लं असतंस कशाला, पोहे नसते का केले?" यावर काय बोलणार.

बाकी आता कंपनीही एक राहिली नाही, 2023 मध्ये तिचे दोन तुकडे झाले, पुढच्या वर्षी त्यातला केलानोव्हा नावाचा तुकडा मार्स या चॉकलेटवाल्या कंपनीने घ्यायचं जाहीर केलं. भारतात केलॉग्ज आले 1994 मध्ये, कारखाना तळोज्याला, माझी बस तळोजा एमआयडीसीतूनच जाते. सुरुवातीला इथे फारसं खपलं नाही म्हणतात, कारण आपण दूध गरम घेतो. सासूबाईंना हे वाचून दाखवलं, फार खूष झाल्या.

परत आणणार का? शिफ्ट बदलेपर्यंत हो, पण साधेच, ते चॉकलेटवाले मुलांच्या हट्टापायी एकदा आणले, परत नाही. आणि पावसाळा तोंडावर आलाय, तर पिशवीला नुसता चिमटा लावून ठेवू नका, गेल्या सप्टेंबरात दोन दिवसांत सादळले होते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढा. सादळलेच तर कोरड्या कढईत मंद आचेवर हलवा, तेल अजिबात नको.