डोंगरातलं रान: सामाईक ठेवावं की वाटून घ्यावं?

कोकणात डोंगरउतारावरची बरीच जंगलं खाजगी आहेत. अनेक घरांत मालक सत्तरीपार, मुलं मुंबईत.

सातबारा सामाईक ठेवला, तर तोडीला सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. त्यामुळे ऐन-किंजळीच्या झाडांचं रान सलग वाचतं. पण वणव्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायला कोणीच येत नाही.

वाटणीत प्रत्येकजण आपल्या तुकड्याचा धनी. २००५ नंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही समान वाटा आहे. तिला वगळू नका. धोका एकच, आणि मोठा: एकाने ठेकेदाराला झाडं दिली की उतार बोडका होतो, पावसात माती शेजारच्या तुकड्यातूनही वाहते.

मी सामाईकच ठेवेन, देखरेख लेखी एकाकडे सोपवून. आणि याच उन्हाळ्यात आजोबांबरोबर हद्द फिरेन. पाचोळ्याखाली गेलेला हद्दीचा दगडी गडगा फक्त त्यांनाच ठाऊक आहे.