भरायची खेळणी: काँग, टॉपल आणि आमची चिंगी

काँग कंपनीचं कुत्र्यांसाठीचं, आत खाणं भरायचं लाल शंकूसारखं खेळणं रिकामं असेल तर ते नुसतं उसळणारं रबर आहे, आणि ज्या कुत्र्याला चावायची हौस नाही ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. खरी गंमत भरण्यात आहे. काय भरलं, किती घट्ट भरलं, सुकं की ओलं, गोठवलं की नाही, यावर कुत्रं त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबणार की पाऊण तास, हे ठरतं.

आमची चिंगी 9 वर्षांची, 15 किलोची, मिश्र जातीची. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिचं पळणं, उड्या मारणं, जिने चढणं सगळं बंद केलं. बाहेर जायचं ते पट्टा लावून, शी-शूपुरतं. पाय आखडला तरी डोकं पहिल्यासारखंच तरतरीत. कंटाळली की ती खिडकीत चढायला बघते, दारावर कोण आलं म्हणून धावते, आणि या दोन्ही गोष्टी तिच्या गुडघ्याला चालणार नव्हत्या. मी घरून ऑनलाइन गणित शिकवते. तास सुरू असताना मधेच उठता येत नाही. तेव्हा तिला एका जागी, पडल्यापडल्या, आनंदाने गुंतवेल असं काहीतरी हवं होतं.

काँग घेतलं. हे खेळणं 1976 पासून आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावत बसायचा आणि दात झिजवून घ्यायचा. फोक्सवॅगनच्या गाडीचा एक रबरी सुटा भाग त्याला दगडापेक्षा जास्त आवडला, त्यावरून हा आकार सुचला. म्हणजे मुळात ही वस्तू चावण्यासाठी जन्मली. आज तिचे रंग दातांच्या जोरानुसार आहेत: लाल सर्वसाधारण कुत्र्यांसाठी, काळं दणकट चावणाऱ्यांसाठी, जांभळं म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी मऊ, आणि पिल्लांचं त्याहून नरम. चिंगीचं वय बघता जांभळं घ्यावं का, असा विचार मी केला होता. पण तिचे दात अजून भक्कम आहेत, म्हणून लाल घेतलं आणि ते तिला बरोबर लागू पडलं.

आता भरण्याबद्दल, कारण माझा सगळा जीव त्यातच आहे.

खेळण्याला दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक अगदी बारीक. बारीक भोक हवेसाठी असतं. ते नसेल तर चाटताना आत निर्वात पोकळी तयार होऊन कुत्र्याची जीभ अडकू शकते. म्हणून ज्या खेळण्याला एकच भोक आहे ते कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नका. भरताना ते बारीक भोक मी बोटभर पीनट बटरने लिंपते. खाताना ते आधी चाटून मोकळं होतं. मग चिंगीचं रोजचं कोरडं खाणं, कोमट पाण्यात फुगवून, निथळून, चमच्याने सैलसर भरते. मधे उकडलेल्या भोपळ्याचा किंवा रताळ्याचा लगदा, एखादा चिकनचा तुकडा. तोंडाशी साधं, बिनसाखरेचं दही आणि त्यात गाजराची एक काडी, जराशी बाहेर डोकावणारी. ती काडी महत्त्वाची. पहिला घास लगेच मिळाला की कुत्र्याला कळतं, आत अजून आहे. मग खेळणं एका मगमध्ये तोंड वर करून उभं ठेवायचं आणि रात्रभर फ्रीझरमध्ये.

पण पहिल्याच दिवशी गोठवलेलं देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. ज्या कुत्र्याने असलं खेळणं कधी पाहिलेलं नाही, त्याच्यापुढे दगडासारखं थंडगार काही ठेवलं तर ते थोडा वेळ हुंगेल आणि निघून जाईल. आधी नुसतं सुकं खाणं, उलटं केलं की भराभर सांडणारं. ते जमलं की ओलं. ओलं निवांत जमलं की अर्धवट गोठलेलं, आणि मग पूर्ण. चिंगी पहिल्या पायरीवर बराच काळ रमली आणि मी तिला रमू दिलं. भुंकून, पंजाने आपटून कुत्रं खेळण्याशी भांडायला लागलं, तर समजावं की आपण फार घट्ट भरलंय. मला हवी होती ती शांतता: पुढचे दोन पंजे खेळण्यावर, डोळे अर्धे मिटलेले आणि जिभेचा संथ, सलग आवाज. चाटत राहिलं की कुत्री निवतात. चिंगीच्या बाबतीत हे मी रोज बघितलं. नीट भरलेलं खेळणं माझा एक तास जवळजवळ पुरवतं, आणि संपल्यावर ती तिथेच झोपते.

शंकूसारखं असल्यामुळे ते घरंगळतं, आणि चिंगीने त्याच्यामागे जाणं परवडणारं नव्हतं. म्हणून न्हाणीघरातलं पायपुसणं, खालून रबर असलेलं, दुमडून तिच्या पुढ्यात घालते. त्यावर ते जागेवर राहतं.

चालणं-फिरणं थांबलं की वजन भराभर वाढतं, आणि दुखऱ्या गुडघ्यावर वजन नको. त्यामुळे आत जे जातं ते तिच्या जेवणातूनच वजा होतं. मी वजनकाट्यावर मोजते. वरचा खाऊ दिवसभराच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं पशुवैद्य सांगतात. एक मोठा चमचा पीनट बटर म्हणजे 90 ते 100 कॅलरी. लहान कुत्र्याच्या दिवसाचा तो मोठा वाटा झाला. शिवाय एकदम भरपूर तेलकट, चरबीचं खाणं पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. लिंपण्यापुरतंच वापरा.

आणि पीनट बटरच्या बरणीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय चमचा बुडवू नका. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर ते कुत्र्यांसाठी विष आहे. त्याने शरीरात इन्सुलिन एकदम वाढतं, रक्तातली साखर कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं. काही ठिकाणी ते 'बर्च शुगर' या नावाने लिहिलेलं असतं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण, मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा हेही आत जाता कामा नये. सूप घालून गोठवायचं असेल तर ते घरचं, मीठ-कांदा-लसूण नसलेलं हवं. औषधाची गोळीही यात लपवू नका. ती पोटात गेली, आतच चिकटून राहिली की कुठे घरंगळली, हे कळायला मार्ग नसतो.

दुसरं खेळणं टॉपल. हे वेस्ट पॉ या अमेरिकन कंपनीचं. रुंद तोंडाचा रबरी पेला, आत खाणं धरून ठेवणारे उंचवटे. भरायला चमचा सरळ आत जातो आणि धुताना तळ डोळ्यांना दिसतो. याबाबतीत शंकूच्या आकाराची खेळणी मागे पडतात. त्यांना बाटली धुवायचा ब्रश लागतोच, आणि आधी गरम पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर आतल्या तुपकट थराला वास मारतो. टॉपल सोपं आहे, म्हणून नवशिक्या, म्हाताऱ्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मी आधी तेच देईन. सरावलेल्या कुत्र्यासाठी लहान टॉपल मोठ्याच्या तोंडात अडकवायचं, की कोडं एकदम अवघड होतं. चिंगीला ही जोडी अतिशय आवडते. मात्र ते चाटायचं आणि लोळवायचं खेळणं आहे. तासन्‌तास चावणाऱ्या कुत्र्यापाशी सोडून जायचं नव्हे.

कडक प्लास्टिकचा, आतून खाणं सांडणारा एक चेंडूही आणला होता. नाव घेत नाही. फरशीवर त्याचा खडखडाट माझ्या विद्यार्थ्यांना ऐकू जायचा आणि शिवणीवर तो तडकला. धार आलेला तुकडा तोंडात जाण्याआधी दिसला म्हणून बरं. तेव्हापासून रबराशिवाय काही नाही, आणि रबरही दर वेळी बोटं फिरवून बघते. कुठे लचका निघाला असेल तर खेळणं सरळ केराच्या डब्यात.

घरात दोन कुत्री असतील तर दोघांना वेगळ्या खोल्यांत द्या, आणि संपल्यावर खेळणी उचलून ठेवा. अशा खाऊवरून एरवी गुण्यागोविंदाने राहणारी कुत्रीही गुरगुरतात.

कुत्रं एकटं राहिलं की घाबरतं, दार ओरबाडतं, लाळ गाळतं, त्यावर हा उपाय आहे का, असं मला बरेचदा विचारतात. नाही. भेदरलेलं कुत्रं खातच नाही. घरी आल्यावर खेळणं जसंच्या तसं भरलेलं दिसलं तर तीच खूण समजा आणि जाणकाराकडे जा. कंटाळा आणि भीती या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही खेळणी कंटाळ्यावर कमालीची चालतात.

मापाचं तेवढं सांगते. काँगचं मध्यम माप साधारण 7 ते 16 किलोच्या कुत्र्यांसाठी, मोठं 13 ते 30 साठी. चिंगी दोन्हीत बसते, मी मोठं घेतलं. खेळणं दाढांच्या मागे सरकेल इतकं लहान कधीच नको, आणि मोठ्यात चमचा नीट जातो, थर नीट बसतात. शक्य असेल तर एकाच मापाची दोन घ्या. एक तिच्या पंजात असतं तेव्हा दुसरं फ्रीझरमध्ये तयार होत असतं.