घरची जॉयस्टिक, घरचं थ्रॉटल : आठ महिने उडवल्यानंतर

कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ हे छोटं विमान उतरवताना शेवटच्या पन्नास फुटांत हाताची हालचाल फार लहान असते. वेग ६५ नॉटच्या आसपास, धावपट्टी समोर मोठी होत चाललेली, आणि स्टिक मध्याच्या मागेपुढे फार तर बोटाच्या पेरभर हलते. माझी विकतची स्टिक नेमकी तिथेच दगा द्यायची. मध्यावर तिला खाच होती. त्या खाचेतून बाहेर काढायला जोर लावला की हात गरजेपेक्षा पुढे जायचा. नाक वर, मग खाली, मग पुन्हा वर. तीन वर्षांनी तिच्या आतला पॉट, म्हणजे स्टिक किती फिरली ते मोजणारा पोटेंशिओमीटर, झिजला आणि सरळ उड्डाणातही विमान थरथरायला लागलं. फेब्रुवारीत मी ती कपाटात ठेवली आणि स्वतः बनवायला घेतली. आता ऑक्टोबर आहे. रोज साधारण तासभर, सुट्टीला त्याहून जास्त, असा आठ महिन्यांचा वापर झाल्यावर हे लिहितेय.

मला पटलेली गोष्ट आधीच सांगते. स्टिक चांगली की वाईट हे मधल्या दोन-तीन अंशांत ठरतं, आणि तिथे सेन्सरपेक्षा बेअरिंग आणि स्प्रिंगचा हात मोठा असतो. मी सुरुवात मात्र सेन्सरपासून केली आणि त्यात दीड महिना घालवला.

सेन्सरचे आकडे कॉम्प्युटरला पाठवणारा बोर्ड म्हणून प्रो मायक्रो घेतला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून. त्यावर एटीमेगा३२यू४ ही चिप असते. तिला स्वतःचं यूएसबी आहे, त्यामुळे आर्डुइनोची जॉयस्टिक लायब्ररी टाकली की कॉम्प्युटर तिला थेट गेम कंट्रोलर म्हणून ओळखतो. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजवर एक्स-प्लेनमध्ये आणि लिनक्सवर फ्लाइटगिअरमध्ये, दोन्ही सिम्युलेटरमध्ये तोच बोर्ड चालला. घरात आर्डुइनो उनो हा नेहमीचा बोर्ड पडलेला असेल तर तो वापरायचा मोह टाळा. उनोच्या मुख्य चिपला यूएसबी नाही, ते काम शेजारची दुसरी चिप करते, आणि मग जॉयस्टिक म्हणून ओळख पटवायला बरेच उपद्व्याप करावे लागतात. माझ्या स्वस्तातल्या बोर्डाचा यूएसबी सॉकेट तिसऱ्याच आठवड्यात पाटीवरून उखडला. दुसरा बोर्ड आणला तेव्हा पहिल्या दिवशीच सॉकेटभोवती एपॉक्सी भरलं, केबलही बॉक्सला बांधून टाकली. तो अजून शाबूत आहे.

पहिल्या आवृत्तीत बी१०के पॉट लावले होते, वीस-पंचवीस रुपयांचे. त्यांचं गणित आधी मांडायला हवं होतं. पॉट साधारण ३०० अंश फिरतो आणि बोर्ड त्या पूर्ण फेरीचे १,०२४ भाग करतो. स्टिक मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० अंशच फिरते. म्हणजे हाताशी येतात जेमतेम १३६ पायऱ्या. त्यातही आकडा एक-दोन पायऱ्यांनी नाचत राहतो. तो नाच दाबायला मी सोळा-सोळा मोजण्यांची सरासरी घेतली, तर स्टिक हलवल्यावर विमान किंचित उशिरा ऐकायला लागलं. उतरताना हा उशीर फार महाग पडतो. आपण जास्तीचं ओढतो, मग घाईनं सोडतो. शेवटी सिम्युलेटरमध्ये मध्याला आठ टक्के डेड झोन ठेवला, म्हणजे तेवढ्या भागातली हालचाल विमानापर्यंत पोचतच नाही. नाच थांबला, पण सगळी बारीक हालचाल होते त्याच जागी स्टिक बहिरी झाली.

एप्रिलमध्ये एएस५६०० हे चुंबकीय सेन्सर आणले. यात झिजायला काहीच नाही. दांड्याच्या टोकाला छोटं गोल चुंबक, त्याच्यासमोर मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर चिप. पूर्ण फेरीचे ४,०९६ भाग होतात, म्हणजे माझ्या ४० अंशांत सुमारे ४५५ पायऱ्या. पॉटच्या तिपटीहून जास्त, आणि आकडाही शांत. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चुंबक व्यासाच्या दिशेनं चुंबकित केलेलं हवं, म्हणजे गोल चकतीचा अर्धा भाग उत्तर आणि अर्धा दक्षिण. नेहमीच्या चकतीत वरची बाजू एक ध्रुव आणि खालची दुसरा असतो. ती कितीही फिरवली तरी आकडा धड हलत नाही. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे मी आधी चुकीची सहा घेऊन आले होते. दुसरं म्हणजे बोर्ड ज्यावरून सेन्सर ओळखतो तो या सेन्सरचा आयटूसी पत्ता ठरलेला असतो, बदलता येत नाही. दोन अक्षांचे दोन सेन्सर एकाच तारेवर जोडले तर दोघं एकदम बोलतात. मध्ये टीसीए९५४८ए हा मल्टिप्लेक्सर, म्हणजे एका वेळी एकाच सेन्सरला जोडणारी चिप, टाकून मी तो प्रश्न सोडवला. लोखंडी बोल्टच्या डोक्यावर चुंबक थेट चिकटवू नका, मध्ये नायलॉनचा तुकडा घ्या.

मे महिन्यात घडलेलं जरा सविस्तर सांगते, कारण यात कुणीही फसू शकेल. सेसना हळूहळू डावीकडे झुकायला लागली. एका पंख्याच्या विमानात इंजिनाच्या टॉर्कमुळे आणि पात्यांच्या असमान ओढीमुळे डावीकडे कल असतोच, जास्त पॉवरवर आणि कमी वेगात तो विशेष जाणवतो. म्हणून मी दोन आठवडे उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची फळी) देत राहिले आणि स्वतःचा हात सुधारत राहिले. मग एके दिवशी इंजिन बंद करून ग्लाइड केलं, तरी झुकाव तसाच. तेव्हा स्टिककडे लक्ष गेलं. चुंबक मी हॉट ग्लूनं चिकटवलं होतं. पुण्याच्या मे महिन्यात दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर तो ग्लू मऊ पडला आणि चुंबक स्वतःभोवती थोडं फिरलं. मध्य तीन टक्क्यांनी सरकला होता. तेव्हापासून हलणाऱ्या कुठल्याही भागाला हॉट ग्लू लावत नाही. दोन नळ्यांचं अराल्डाइट लावायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं.

सेन्सर सुधारला, तरी उतरताना हवी ती नजाकत येत नव्हती. माझं गिंबल, म्हणजे एकात एक फिरणाऱ्या दोन चौकटी, १२ मिलिमीटर प्लायची होती. भोकातून एम८ बोल्ट आरपार घातलेले. हलवलं की किंचित खुळखुळ. हाताला ती जेमतेम कळते, पण चांगला सेन्सर तीच खुळखुळ इमानानं मोजून विमानाला पाठवतो. तेव्हा भोसरीतल्या एका लेथवर गेले. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आणि ६०८ नंबरची बेअरिंग ठरली. स्केटिंगच्या चाकात असतात तीच ही : आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. बोल्ट बघून लेथवाले काका म्हणाले, "ताई, आटे पाडलेला बोल्ट आठ एमएम भरत नाही, थोडा कमीच असतो. ब्राइट बार घ्या." म्हणजे बिनआट्यांची गुळगुळीत सळई. आणि बेअरिंग बसवण्याबद्दल म्हणाले, "ठोकू नका. व्हाइसमध्ये दाबून बसवा, दाब बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर दिलात तर गोळ्या गेल्या म्हणून समजा." या दोन सूचनांनी सेन्सर बदलण्यापेक्षा जास्त फरक पडला, असं मी आज खात्रीनं सांगते.

याचं कारण स्प्रिंगमध्ये आहे. माझ्या स्टिकला प्रत्येक अक्षावर समोरासमोर ओढणाऱ्या दोन स्प्रिंग आहेत. मध्याजवळ दोघींची ओढ जवळजवळ बरोबरीची, त्यामुळे स्टिकला परत आणणारा जोर अगदी थोडा उरतो. खाच नाही, धक्का नाही, पेरभर हालचाल लोण्यासारखी होते. पण तो उरलेला थोडासा जोर घर्षणात खर्च झाला तर हात सोडल्यावर स्टिक मध्याच्या अलीकडेच थांबते. बोल्टवर ती दीड अंश बाजूला थांबायची, बेअरिंगवर जवळजवळ शून्यावर येते. डेड झोन आता एक टक्का आहे. पहिल्या महिन्यात स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. त्या दर आठवड्याला सैल पडायच्या, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दांडा २० सेंटिमीटरचा होता, तो ४० केला आणि अख्खा सांगाडा टेबलावरून काढून खुर्चीखाली पाटावर बसवला. त्याच ४० अंशांसाठी हात आता १४ ऐवजी सुमारे २८ सेंटिमीटर फिरतो, म्हणजे चूक निम्मी होते. मनगटाऐवजी मांडीवर टेकलेला हात काम करतो आणि तासाभरानेही खांदा दुखत नाही. फक्त लांब दांड्याला जड स्प्रिंग लागतात, आणि मुठीत बटणं जास्त घातली तर वजनानं स्टिक पडू बघते. मी चारच ठेवली. त्यांच्या वायरींसाठी आधी लॅन केबलमधल्या एकतारी वायरी वापरल्या, त्या वाकून वाकून जूनमध्ये तुटल्या. बहुतारी, मऊ आवरणाची वायरच घ्या.

थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरच्या बॉक्समध्ये, मात्र पॉट ठेवला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. थ्रॉटलला मध्य नसतो. पायऱ्या थोड्या कमी असल्या तरी आरपीएममध्ये फरक कळत नाही. सरकता पॉट आधी लावून पाहिला. त्याच्या उघड्या फटीतून धूळ गेली आणि चार महिन्यांत ऐन टेकऑफला पॉवर मध्येच शून्यावर उडी मारायला लागली. फिरता पॉट बंद डबीत असतो, त्याला हा त्रास नाही. दोन लिव्हर आहेत, एक पॉवरचा, एक मिक्श्चरचा, म्हणजे हवेत इंधन किती मिसळायचं त्याचा. पुण्याहून सह्याद्री ओलांडून रत्नागिरीकडे ५,५०० फुटांवर जाताना मिक्श्चर पातळ करून इंजिन गुळगुळीत चालायला लागलेलं ऐकणं हा या छंदातला माझा सगळ्यात आवडता क्षण आहे, आणि तो कीबोर्डवर मिळत नाही. लिव्हर जिथे सोडाल तिथे राहायला हवा. त्यासाठी दोन्ही बाजूंना नमद्याच्या चकत्या आणि वरून हातानं आवळायचा विंग नट. एअरबस ए३२० हे जेट विमान उडवायचं असेल तेव्हा बाजूची दुसरी पट्टी लावते. तिच्यावर आयडल, क्लाइंब, फ्लेक्स आणि टोगा या, सर्वांत कमी पॉवरपासून पूर्ण पॉवरपर्यंतच्या, चार जागांना उथळ खळगे पाडलेत. सायकलचा छर्रा आणि बॉलपेनची स्प्रिंग त्या खळग्यांत टक्‌ करून बसते. डोळे स्क्रीनवरून न हलवता लिव्हर कुठे आहे ते बोटांना कळतं.

पावसाळा कठीण गेला. जुलैत थ्रॉटलचा प्लायचा बॉक्स फुगला आणि लिव्हर फटीला घासायला लागला. स्प्रिंगांवर गंज चढला आणि स्टिक हलवली की किरकिर. बॉक्स उघडून कडा घासल्या, आतून-बाहेरून वॉर्निशचे दोन हात दिले, स्प्रिंगांना मशीन ऑइल लावलं. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीतच करून ठेवायला हवं.

ट्रिमबद्दल, म्हणजे हात न लावता विमानाचं नाक हव्या जागी ठेवणाऱ्या चाकाबद्दल, थोडं. विमानात वैमानिक स्टिक धरून ठेवतो आणि ट्रिमचं चाक फिरवत जातो, तसा हातावरचा जोर कमी होतो. स्प्रिंगच्या स्टिकवर ते उलट शिकावं लागतं : ट्रिम फिरवत जायचं आणि त्याच बेतानं स्टिक मध्याकडे सोडत यायची. यासाठी बटणांपेक्षा चाक किती तरी बरं. मी रोटरी एन्कोडरला, म्हणजे टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या बटणाला, शिलाई मशीनच्या बॉबिनएवढी चकती लावली आणि ती डाव्या हाताशी बसवली. जुलैत तो टप्पे चुकवायला लागला. त्याच्या दोन्ही सिग्नल पिनांना ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर जोडल्यावर थांबला.

एकूण खर्च सुमारे ३,६०० रुपये. त्यात सर्वांत मोठा आकडा लेथकामाचा, १,२००. चुकीची चुंबकं, मेलेला बोर्ड, फेकलेले पॉट यांचे वेगळे दीड हजार गेले. चार शनिवार-रविवार मोकळे असतील आणि सोल्डरिंगची भीती नसेल तर जरूर करा. नुसते पैसे वाचवायला करणार असाल तर नको, तेवढ्यात बाजारात साधी स्टिक मिळते. आणि पैसे हातात थोडेच असतील तर आधी बेअरिंग घ्या, सेन्सर नंतर बदलता येतो.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. आडव्या अक्षाची एक स्प्रिंग दुसरीपेक्षा किंचित सैल झाली आहे, दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही एकदम बदलेन. रडर अजून मुठीच्या पिळावर आहे आणि लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, आडवा वारा असला की मनगट अवघडतं. पेडलसाठी सागाच्या दोन फळ्या कापून आणल्यात. या वेळी वॉर्निश आधी लावलंय.